विसाव्याचा विसार

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून संपादकांचा फोन आला. बोलताना त्यांनी ‘सेवा’ हा शब्द इतक्या वेळा वापरला की मी त्यांना मध्येच थांबवलं. म्हटलं, सेवा देवळात करतात. मी नोकरी केली, आणि त्याआधी हातगाडीवर टॉवेल विकले. या दोन कामांत मला फारसा फरक दिसला नाही. तेवढंच चालणार असेल तर लिहीन. ते हसले. मी हसण्यासारखं काही बोलले नव्हते.

माझं माहेर वैरागचं, शिक्षण सातवीपर्यंत. लग्न होऊन सोलापुरात आले आणि नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर गाडी ढकलायला लागले. कारखान्यांनी नाकारलेले टॉवेल असायचे, कुठे काठ उसवलेला, कुठे रंग फुटलेला. गिऱ्हाइकाच्या आधी दोष आपणच दाखवायचा आणि मग भावावर अडून बसायचं, ही माझी रीत. एकदा एक बाई आल्या. मनाच्या आजारातून सावरणाऱ्या माणसांसाठी त्या दिवसभराचं केंद्र चालवत होत्या, तिथे टॉवेल हवे होते. आमची चांगलीच जुंपली. ठरवून आल्या होत्या त्याच्या दुप्पट टॉवेल घेऊन त्या गेल्या आणि थोड्या दिवसांनी परत आल्या. म्हणाल्या, “तुम्ही आमच्याकडे कामाला या. आमचं सगळं काम लोकांना पटवायचं आहे आणि नेमकं तेच आम्हाला जमत नाही.” त्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणत, मीही म्हणू लागले. नोकरीत मी कुणाचं ऐकलं असेल तर त्यांचं, आणि तेही रोज नाही.

केंद्र पूर्व भागात, एका बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये होतं. लोकांना वाटतं अशा ठिकाणी साखळ्या आणि आरडाओरडा असतो. आमच्याकडे बहुतेक वेळ चादरींच्या दशांना गाठी मारायचं काम चालायचं. औषधांनी आजार आटोक्यात आलेला, पण कामावर कुणी घेत नाही आणि घरात दिवस सरत नाही, अशी माणसं सकाळी यायची आणि चहा घेऊन चारच्या सुमाराला परत जायची. कानात आवाज यायचे थांबले म्हणजे माणूस लगेच उठून कामाला लागतो असं नाही. आंघोळ करून उंबऱ्याबाहेर पडणं हाच काहींचा दिवसाचा डोंगर असतो. माझं काम घरभेटीचं. कुणी यायचं थांबलं की त्याच्या घरी जायचं. गोळ्या बंद झाल्यात का, कुणी बंद केल्या, शेजारी काय बोलतात, घरमालक खोली सोडा म्हणतोय का, हे सगळं बघायचं. समजुतीने भागेल तिथे समजूत, नाही तिथे माझा आवाज.

या क्षेत्रात आजारी माणसाला शुभार्थी आणि त्याला सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. शब्द चांगले आहेत. पण शुभंकर झालेली बाई शेवटची कधी झोपली हे तिला विचारलं तर ती तुमच्याकडे वेड्यासारखं बघते. आजाऱ्याला डॉक्टर असतो, गोळी असते, आमच्यासारखं केंद्र असतं. सांभाळणाऱ्याला काय असतं? म्हणून मोठ्या मॅडमच्या मागे लागून मी एक खोली उभी केली. शेडच्या मागे सुताची बाचकी ठेवायची लांबट खोली होती. शेडमालकाकडे मी अख्खं अंगण मागितलं. अंगणावरून इतके दिवस डोकं खाल्लं की शेवटी तोच वैतागून म्हणाला, “बाई, अंगण न्हाई मिळणार. ती मागची खोली घ्या आन गप बसा.” मला खोलीच हवी होती. बंद होणाऱ्या एका लॉजवरून चार खाटा आणल्या, रात्रीसाठी एक निवृत्त नर्सबाई ठेवल्या आणि खोलीला नाव दिलं ‘विसावा’. सांभाळणाऱ्याने आपलं माणूस थोडे दिवस इथे ठेवायचं आणि जाऊन झोपायचं, गावाला जायचं, स्वतःचं दुखणं दाखवून यायचं. योजना सोपी होती. अडचण एवढीच की कुणी जाईना.

पहिले आले घाडगे नाना, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. बायकोला बरीच वर्षं आजार. तिला खाटेवर बसवून, पिशवी ठेवून ते निघाले आणि फाटकाबाहेरच्या लिंबाखाली जाऊन बसले. दुपारी बघते तर तिथेच. बायको आत पोटभर जेवून झोपलेली आणि हा माणूस बाहेर उपाशी. मी चिडले.

“नाना, घरी जायला काय झालं?”

“जाऊन काय करू? तिला इचारल्याबिगर च्या ठेवायची सवय न्हाय मला.”

“मग सिनेमाला जा.”

“एकटा?” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं, जणू मीच काही भलतंसलतं सुचवलं होतं.

संध्याकाळी बायकोला घेऊन ते घरी गेले. त्या दिवशी मला एक गोष्ट समजली. फुकट दिलेली विश्रांती माणूस घेत नाही. त्याला ती चोरी वाटते. आपलं माणूस टाकून आपण मजा मारायला निघालो, असं मनात टोचत राहतं. भांडून मिळवलेली गोष्ट मात्र माणूस छातीशी धरून नेतो, मग ती टॉवेल असो की झोप. तेव्हापासून मी विसाव्याचा सौदा करायला लागले. सांभाळणाऱ्याला दोन दिवसांची गरज दिसली की मी पाच म्हणायची. तो म्हणायचा, जमणार नाही, सकाळी जाऊन संध्याकाळी येतो. मी चारवर यायची, तो एकावर जायचा. तो हात जोडायचा, मी आवाज चढवायची. दोनावर तुटलं, म्हणजे सौदा पक्का झाला, की तो जिंकल्यासारखा फाटकाबाहेर पडायचा आणि लिंबाकडे बघायचाही नाही. पुढच्या खेपेला घाडगे नाना याच रीतीने बहिणीच्या गावी जाऊन आले. मला म्हणाले, “लई भांडकुदळ बाई हाय तुमी.” हे कौतुक होतं.

सौदा ठरला की विसार घ्यायचा, ही दुसरी रीत. बाजारात बोली पक्की झाली की काहीतरी हातावर ठेवतात, म्हणजे माणूस फिरत नाही. ही रीत मला एका मेंढपाळ आबांमुळे सुरू करावी लागली. ते मंगळवेढ्याकडचे. तरुण मुलगी घेऊन आले, नवऱ्याने आजारपणात माहेरी आणून सोडलेली. आबा बोलता बोलता म्हणाले, “हितंच ऱ्हाऊ द्या की तिला. मी रानात, मेंढरांमागं. घरात बाईमाणूस न्हाय.” त्यांचा डोळा चुकवायचा ढंग मी ओळखला. असा माणूस परत येत नाही. त्याला दगड म्हणणं सोपं आहे. तो बिचारा संपलेला असतो.

मी म्हटलं, “ठेवते. विसार द्या.”

“काय देऊ?”

“डोक्यावरचा पटका.”

ते तांबड्या पटक्याला हात लावून मागे सरले. आमच्याकडे त्या वयाचा माणूस बोडक्या डोक्याने गावात शिरला तर लोक विचारतात, घरात कोण गेलं. मला ते ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी त्यांनी पटका सोडून माझ्या टेबलावर ठेवला आणि चार शिव्या पुटपुटत गेले. ठरल्या दिवसाच्या आधीच परत आले, डोक्याला रस्त्यावर घेतलेला पंचा गुंडाळून. लेक त्यांना बघून कितीतरी दिवसांनी हसली. “आबा, पटका चोरीला गेला व्हय?”

“चोरीलाच म्हन की,” माझ्याकडे बघत आबा म्हणाले. नंतर त्या मुलीच्या गोळ्या दर महिन्याला एसटीच्या ड्रायव्हरकडून पाठवायची सोय आम्ही लावली. ती पुढे आबांबरोबर रानात जाऊ लागली. आबांनी तिला परत कधीच सोडायचं नाव काढलं नाही.

पण मला सांगायची आहे ती नरसम्माची गोष्ट.

नरसम्मा विणकर घराण्यातली, घरात तेलुगू बोलायची, बिड्या वळायची. नवरा कधीच गेलेला. मुलगा श्रीनिवास मागावर कामाला होता. ऐन विशीत मागाच्या खडखडाटात त्याला कुणीतरी बोलल्याचं ऐकू येऊ लागलं आणि तिथून सगळं सुरू झालं. मी ओळखू लागले तेव्हा तो चाळिशीकडे झुकला होता. गोळ्या नियमित, दशांच्या गाठी सगळ्यांत सफाईदार त्याच्या. एकच हट्ट, आईने वाढल्याशिवाय जेवायचं नाही. म्हणून नरसम्मा रोज दुपारी डबा घेऊन यायची, त्याच्यासमोर बसायची आणि तो जेवला की परत बिड्यांकडे जायची. वर्षानुवर्षं हेच. लेक बार्शीला दिलेली, तिच्या बाळंतपणालाही ती गेली नव्हती. विसाव्याचं नाव काढलं की म्हणायची, “वद्दू, अक्का.” नको म्हणायला तेलुगूत एवढाच शब्द, पण तो ती दारासारखा लावून घ्यायची.

बिडी कारखान्यातला चेकर तिच्या बिड्या बाजूला काढायला लागला होता, हे माझ्या कानावर आलं होतं. मला वाटलं, वयाने हात थकला. मग एका दुपारी ती डबा घेऊन आली आणि दुसऱ्याच एका माणसासमोर बसली. झाकण काढलं, भात कालवला. तो माणूस गोंधळून बघत राहिला. चार हातांवरून श्रीनिवास हळूच म्हणाला, “अम्मा, मी इकडं हाय.”

तिने डबा उचलला आणि आवाजाच्या दिशेने सरकली.  मी तिला तिथूनच रिक्षात घालून डोळ्यांच्या धर्मादाय दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण मुलगी होती, फार नीट समजावून बोलली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एक पार पिकलेला. आता ऑपरेशन केलं तर दिसेल. थांबलात तर आतला दाब वाढून डोळा कायमचा जाऊ शकतो. आणि ऑपरेशननंतर चूल नको, तंबाखूची धूळ नको, वाकणं नको, वेळेवर थेंब घालायचे. म्हणजे तिच्या घरात राहायचं नाही, हे न बोलताही कळलं.

बाहेर बाकावर आमचं सुरू झालं.

“डोळं गेलं तरी बिडी वळतीय की मी. हाताला डोळं हायत माझ्या.”

“आणि श्रीनूच्या गोळ्या? पांढरी कुठली, पिवळी कुठली?”

“ती तोच सांगतोय.”

“आणि ज्या दिवशी तो सांगणार नाही?”

 पूर्वी असे दिवस येऊन गेले होते. तो गोळ्या थुंकायचा, मग तीच हेरून परत द्यायची. तिचे डोळे गेले असते तर त्या घरात दोघांचंही बघणारं कुणी उरलं नसतं.

“आठ दिवस लेकीकडे जा,” मी म्हटलं.

“सकाळी जाते, रात्री येते.”

“डोळ्याला पट्टी बांधून बार्शीच्या गाडीत बसून येणार? सात.”

“तो जेवणार न्हाय, अक्का. मरंल.”

“मी त्याला मरू देईन असं वाटतं तुला? सहा.”

“एक.”

दवाखान्यातला शिपाई येऊन म्हणाला, इथे भांडू नका. आम्ही दोघींनी मिळून त्याला गप्प केलं आणि परत बसलो. चार दिवसांवर तुटलं. माझ्या मनात चारच होते.

“आता विसार. तुझं सूप आणि कात्री दे.”

ती भडकली. पानं-तंबाखू घेऊन बसायचं मांडीवरचं सूप बिडी वळणारी बाई कुणाला देत नाही. “सूप दिल्यावर तितं बसून करू काय मी?”

“तेच करायचं. बसायचं.”

तिने सूप आणून दिलं. कात्री सुपात ठेवली, वर फडकं झाकलं. जाताना श्रीनिवासच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला म्हणाली, “त्याला भात लई गरम नको.” लेक तिला दवाखान्यात घेऊन गेली आणि तिथून बार्शीला.

पहिल्या दिवशी श्रीनिवास जेवला नाही. मी समजावलं, मग चिडले, मग त्याच्याशीही भाव करायला बसले. चार घास, नाही तर दोन, नाही तर नुसतं ताक. तो नजर वर करेना. फक्त विचारायचा, “अम्मा कुटं गेली?”

“बार्शीला. डोळे दुरुस्त करून येणार.”

“येणार न्हाय.”

संध्याकाळी मला राहवेना. मी कपाटातून सूप काढलं आणि त्याच्या खाटेवर ठेवलं. मनात काही योजना नव्हती, माझा धीर सुटला होता एवढंच. त्याने फडकं उचललं, कात्री बघितली, परत झाकलं. नंतर सूप मांडीवर घेऊन बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “सूप हितं हाय म्हणजे येणार.” आणि नर्सबाईंकडे ताट मागितलं. विसार दोन्ही बाजूंना बांधतो, हे टॉवेल विकताना माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. ते चारही दिवस सूप त्याच्या उशाशी होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याने ताट स्वतः वाढून घेतलं. भात गार करून खाल्ला.

चौथ्या दिवशी नरसम्मा काळा चष्मा लावून फाटकातून आली. लेकीचा हात सोडून सरळ श्रीनिवाससमोर येऊन उभी राहिली. चष्मा वर केला, डॉक्टरने नको सांगितलेलं असताना.

“श्रीनू, तुझं केस पिकलं की रे.”

“कवाच पिकलं, अम्मा.”

ती बघतच राहिली. किती वर्षं त्याला नीट बघितलं नव्हतं कुणास ठाऊक. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “माझं सूप दे.” थेंब चालू आहेत तोवर देणार नाही म्हटलं, त्यावर पुन्हा भांडण झालं. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी तिने स्वतःच येऊन सूप टेबलावर आदळलं.

आता माझं दुखणं लिहिते. संपादकांना नको असेल तर त्यांनी कापावं, पण मला सांगून कापावं. मोठ्या मॅडम वयामुळे मुलाकडे गेल्या आणि नवीन कार्यकारिणी आली. माणसं वाईट नव्हती, शिकलेली होती, केंद्रावर त्यांचा जीव होता. पण रात्री माणसं ठेवायची म्हणजे कायद्याने वेगळी नोंदणी लागते, डॉक्टर लागतो, जबाबदारी येते, असं निघालं. ते खरंही होतं. माझं म्हणणं एवढंच की नोंदणी खटपट करून मिळवायची असते, ती झाडाला लागत नाही. मी अक्कलकोटकडे घरभेटीला गेले होते त्या दिवशी बैठक झाली आणि ‘विसावा’ बंद करायचं ठरलं. आता तिथे प्रशिक्षणाची खोली आहे, पडदा आहे, गार हवा आहे. देणगीदार येतात तेव्हा फोटो छान येतात. घरी जाऊन झोपलेल्या सांभाळणाऱ्याचा फोटो कोण काढणार? मी जे बोलले ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. निवृत्तीचं वय झालंच होतं. निरोपाची शाल मी खुर्चीवर ठेवून आले. ती तिथे ठेवल्याचं मला अजून वाईट वाटत नाही. मला न विचारल्याचं मात्र अजून वाटतं.

आणि मग माझाच नंबर लागला. वैरागला माझे थोरले भाऊ, दत्तादादा, तरुणपणापासून आजारी. आईने सांभाळलं. आई गेली तेव्हा बाकीचे भाऊ म्हणाले, सोलापुरात डॉक्टर जवळ आहेत, आणि तुला यातलं कळतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घर रिकामं. मी दादांना घेऊन आले. शांत आहेत, कुणाला त्रास नाही. पण रात्रभर घरात फेऱ्या घालतात, गॅसचं बटण फिरवून बघतात, आणि मी दिसले नाही तर दार उघडून मला शोधायला निघतात. करमाळ्याला माझी लेक आहे. आई ये, म्हणायची. येते, म्हणायची मी. ज्या खोलीसाठी मी अंगण मागितलं होतं, ती मला हवी तेव्हा नव्हती.

याच उन्हाळ्यात एका सकाळी नरसम्मा आली, मागे श्रीनिवास. मी चहा ठेवला. ती चहा न पिता माझ्याकडे बघत बसली.

“अक्का, वाळलीस तू. डोळं आत गेलं.”

“तुला काय दिसतंय एवढं?”

“सगळं दिसतंय. तूच भांडून आनलंस की डोळं.” मग म्हणाली, “लेकीकडं जा. आठ दिवस. आमी दोघं ऱ्हातो हितं.”

“वेड लागलंय का? दादांना माझ्याशिवाय करमत नाही. जेवायचे नाहीत.”

“असं सगळंच म्हनत्यात. सात.”

“फार तर सकाळी जाते, संध्याकाळी येते.”

“करमाळ्याला? गाडीतच म्हातारी हुशील. सहा.”

मला राग आला. माझ्या घरात मला शिकवणारी ही कोण, असंही बोलून गेले. तिने ते कानाआड केलं. श्रीनिवास दादांशेजारी चटईवर बसला होता. त्याने पिशवीतून दशांचा गुंता काढला आणि एक टोक दादांच्या हातात दिलं. दादांनी ते धरलं. काही न विचारता धरून बसले. मी एक म्हटलं, ती चार म्हणाली. मी हात झटकले, ती उठून जायला निघाली. शेवटी तीनवर तुटलं.

“विसार?” तिने हात पुढे केला.

“काय देऊ?”

“फोन.”

“फोन कशाला?”

“न्हाय तर दर टायमाला इचारशील, जेवले का, झोपले का. विसार दिल्याबिगर सौदा हुतोय व्हय?”

मी फोन तिच्या सुपात टाकला. हो, सूप घेऊनच आली होती. स्टँडवर गेले, करमाळ्याची गाडी उभी होती. खिडकीपाशी बसले आणि स्वतःवर खूश झाले. आठावरून तीनवर आणली, म्हणजे हात अजून तयार आहे. मोहोळ मागे पडलं. सवयीने फोनसाठी पिशवी चाचपली आणि तेव्हा आठवलं. श्रीनिवास आला तेव्हाच त्याच्या खांद्याला दुसरी एक पिशवी होती. ती त्याने दाराआड ठेवली होती, भांडण सुरू व्हायच्या आधी. दोन माणसांचे तीन दिवसांचे कपडे मावतील एवढी.

मला खूप राग आला. खाली उतरून परत जावं आणि तिला सुनवावं, असं वाटलं. मग झोप लागली. करमाळ्याच्या स्टँडवर कंडक्टरने हलवून उठवलं.